‘कोणी मोजलं’ नावाचा रकाना

४ ऑगस्ट

काका, नमस्कार. आणि काकू, तुलाही, कारण हे पत्र मोठ्याने वाचणारी तूच.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी काकांची स्क्रीन बंद केली आणि फोनवर काका ‘हं, हं’ करून ठेवून देतात, म्हणून आपल्या घराण्यात पुन्हा पत्रं सुरू. मला तर बरंच वाटतंय. अक्षर मोठं काढलंय, तरी काका ‘कोंबडीचे पाय’ म्हणणारच.

बातमी अशी की मला तुमच्याच संस्थेत घेतलं! हो, नद्यांचं पाणी मोजणाऱ्या तुमच्या संस्थेत, तुमच्याच दुसऱ्या मजल्यावर. खिडकीखालचं एक पाय आखूड असलेलं टेबल मला मिळालंय. पायाखाली दुमडलेला पुठ्ठा अजून तसाच आहे. शिपाईमामा म्हणाले, “साहेबांनी लावलाय तो. काढू नका, डुलतं.”

काम असं आहे. संस्थेकडे मोजण्यांचे जेवढे संच साठवलेले आहेत ते कुठे ठेवलेत, कुठल्या नदीचे, कोणी मोजले, कितीदा दुरुस्त केले, ही सगळी माहिती ठेवणारा डेटाबेस नव्याने मांडायचा. म्हणजे पाण्याचे आकडे नव्हेत, आकड्यांबद्दलची माहिती. आईला तीनदा समजावलं. ती शेजारणीला सांगते, “आमची भिंगरी गोदामाची यादी करते.” मीही मान डोलावते, कारण तसं बरोबरच आहे की.

डिसेंबरअखेर सगळे संच नव्या साठवणीत जाणार. ज्या संचाची माहिती पटण्यासारखी नाही तो मात्र न्यायचा नाही, असं ठरलंय. तो जुन्या डिस्कबरोबर भंगारात. म्हणून पहिल्याच दिवशी तुमचा तक्ता उघडला. सगळं एकाच तक्त्यात! उजवीकडे सरकवता सरकवता मनगट दुखलं. पण काका, एकही घर रिकामं नाही. हे जमवलंत कसं?

तुमची,
भिंगरी

१२ ऑगस्ट

भिंगरे,

कोंबडी निदान सरळ रेषेत चालते. असो. पत्र वाचून छाती एवढी फुगली की सदऱ्याचं बटण तुटलं. काकू म्हणते आधीच तुटलं होतं. तिच्याकडे लक्ष देऊ नकोस.

कसं जमवलं विचारतेस? दराऱ्याने! रिकामं घर दिसलं की माझं डोकं फिरायचं. रिकामं घर म्हणजे कामचुकारपणा. म्हणून मी कुलूपच घातलं. एक रकाना जरी कोरा राहिला तरी ओळ जतन होणार नाही, यंत्र म्हणणार परत भर. जुने कागद संगणकात चढवायला बसवलेली पोरं रडकुंडीला यायची. मी म्हणायचो, रडा, पण भरा. आणि भरलं त्यांनी! माझ्यामागे तीन संचालक आले नि गेले, तक्ता हलला नाही.

आता तू शहाणपणा करू नकोस. एका तक्त्याचे पाच तुकडे करून त्यांना दोरीने बांधणारे पुष्कळ पाहिलेत मी. दोरी सुटली की बोंबला. तक्ता तसाच ठेव, वरून रंग दे, पगार घे.

तुझा,
काका

(मी वाचलं. बटण आधीच तुटलं होतं. — काकू)

२० ऑगस्ट

काका,

रंग देऊन भागणार नाही. तुमच्या तक्त्यात संच दुसऱ्या डिस्कवर हलवला की जुनी जागा पुसून नवी लिहायची. मग आधी कुठे होता ते कळायचा मार्गच नाही. मी जागांचा तक्ता वेगळा करतेय, म्हणजे हलवाहलव सगळी दिसेल. माणसांचाही वेगळा. एका माणसाने दहा संच मोजलेले असतात, एका संचाला तीन माणसं लागलेली असतात. तुमच्या रकान्यात एकच नाव मावतं. म्हणून मधे एक छोटा जोडणारा तक्ता, कोणता माणूस, कोणता संच, काय केलं, एवढाच. हीच ती दोरी. गाठ मी मारलीय, सुटणार नाही.

एक साधी चौकशी. ‘कोणी मोजलं’ या रकान्यात तुमचं नाव बऱ्याच ठिकाणी आहे. त्यातलं स्वतः नदीवर उभं राहून तुम्ही काय काय मोजलं, आठवतं का? संचालिकाबाई विचारत होत्या. समितीलाही हवंय. घाई नाही. म्हणजे, थोडी आहे.

काकूचं गुडघ्याचं कसं आहे?

भिंगरी

२८ ऑगस्ट

अगं लबाडे,

ताकाला जाऊन भांडं कशाला लपवतेस? समिती, संचालिकाबाई, ‘साधी चौकशी’, आणि वर घाई! एवढी वर्षं साहेबांची खुर्ची झिजवली, सत्काराआधी माहिती कशी गोळा करतात ते मला कळत नाही होय? निवृत्तीच्या वेळी यांनी भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि तेही मागे पडायचं. आता उशिरा का होईना जाग आली.

तर लिही. नद्या सगळ्या माझ्याच. मोजणीच्या चौक्या मी उभ्या केल्या, पाण्यात रोवलेल्या पट्ट्या मी रंगवून घेतल्या, त्या वाचणारे पट्टीवाले मी नेमले. कोणत्या मोजणीवर माझं नाव नसावं हे विचार! भाषण तयार आहे. पंधरा मिनिटांचं आहे, काकू म्हणते सात कर. निळा सदरा शिवायला टाकलाय. तारीख कळव.

काका

(गुडघा बरा आहे. भाषण पंचवीस मिनिटांचं आहे. पण भिंगरी, तुझ्या पत्राचा सूर मला सत्काराचा वाटला नाही. काय ते स्पष्ट लिही. — काकू)

५ सप्टेंबर

काका,

काकूने बरोबर ओळखलं. सत्कार नाही. मी आधीच सांगायला हवं होतं, पण तुमची छाती फुगलेली मला लांबून दिसत होती आणि टाचणी लावायला हात होईना.

कोणता संच न्यायचा ते ठरवणाऱ्या समितीत एक आकडेशास्त्राचे प्राध्यापक आहेत. त्यांनी तुमचा तक्ता तारखेप्रमाणे लावून पाहिला. एकाच सकाळी तुम्ही डोंगरातल्या झऱ्यावर, खालच्या धरणावर आणि समुद्राजवळच्या खाडीवर पाणी मोजताय. असं एकदा नाही, वर्षानुवर्षं. जुन्या मोजण्यांपैकी निम्म्याहून जास्त तुमच्या नावावर आहेत. प्राध्यापक म्हणाले, “एवढं कोणी मोजू शकत नाही. हे आकडे घरी बसून भरलेत.” बैठकीत म्हणाले, सगळ्यांसमोर. त्यांना माहीत नव्हतं मी तुमची पुतणी आहे.

मला कळलंय काय झालं ते. कागदावर पट्टीवाल्याचं नाव नसायचं. कोरं ठेवलं तर तुमचं यंत्र ओळ घेत नव्हतं. रडकुंडीला आलेली पोरं मग साहेबांचं नाव घालून मोकळी व्हायची. तक्त्याने त्यांना ‘माहीत नाही’ म्हणायची सोयच ठेवली नव्हती. मोजण्या खऱ्या आहेत, काका. माझी खात्री आहे. पण माझ्या खात्रीवर समिती एक संचही नेणार नाही. नोव्हेंबरअखेर पटवून दिलं नाही तर तुमच्या नावावरचे सगळे संच भंगारात जातील, आणि संस्थेत तुमचं नाव निघेल ते खोटे आकडे भरणारा साहेब म्हणून.

आणखी एक. तुमच्या लग्नाची तारीख आपल्या घरात लहान पोरालाही पाठ आहे. तक्ता म्हणतो, त्या दिवशी सकाळी तुम्ही मोठ्या पुलाखाली पट्टी वाचत होतात. ही ओळ प्राध्यापकांच्या हाती अजून लागलेली नाही. मला सापडली. एरवी पोट धरून हसले असते. हसू आलं नाही.

रागावा, पण उत्तर द्या.

भिंगरी

१० सप्टेंबर

चिरंजीव पुतणीस,

ज्याने नदी फक्त नळात पाहिली त्या प्राध्यापकाने मला शिकवू नये. नियम बरोबर होता. भरणारे चुकले. नियमाने कोणाला खोटं लिही म्हणून सांगितलं नव्हतं.

सदरा शिंप्याकडून परत आणला. अर्धाच शिवून झाला होता.

पत्र पाठवण्याची तसदी घेऊ नये.

— (कोणी लिहिलं: माहीत नाही)

११ ऑक्टोबर

काकू,

काकांना वाचून दाखव किंवा नको दाखवूस. महिना झाला, तुमच्याकडून चकार शब्द नाही. फोन केला तर वाजून वाजून बंद पडतो. आई म्हणते, नाकावर राग आहे, उतरेल. पण समितीच्या घड्याळाला नाक नाही.

माझे तक्ते तयार झालेत. संचांचा, जागांचा, आवृत्त्यांचा, उपकरणांचा, माणसांचा. माहीत नसेल तर घर कोरं ठेवायची मुभाही दिलीय. दाखवले तेव्हा संचालिकाबाई दोनदा “वा” म्हणाल्या, आणि त्या बाई वर्षातून एकदा ‘वा’ म्हणतात. मला मिरवावंसं वाटतंय, काकू, पण मिरवू कोणापुढे? ज्याच्यापुढे मिरवायचं तो रुसून बसलाय. आणि माणसांच्या तक्त्यात माणसंच नाहीत. सगळे पट्टीवाले निवृत्त, कोणाचा पत्ता नाही. मांडणी कितीही सुरेख असली तरी आत काय घालू?

मी काकांना खोटं पाडायला बसलेली नाही. त्यांना एवढं सांग.

भिंगरी

१९ ऑक्टोबर

भिंगरी,

फोन वाजून बंद पडतो कारण आम्ही घरी नसतो. दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी तो अर्धा सदरा, एक बाही नसलेला, तसाच अंगात घालून उभे राहिले आणि म्हणाले, “चल.” म्हटलं, कुठे? तर म्हणे पट्टीवाल्यांकडे. डोळ्यांना धड दिसत नाही, बसचे नंबर मी वाचायचे, घरं त्यांनी ओळखायची. कशी ओळखतात देव जाणे. एका ठिकाणी वासावरून म्हणाले, इथे कातड्याचा कारखाना होता, डावीकडे वळ. (सदरा मी दुसऱ्या दिवशी पुरा करून घेतला. लोक बघत होते.)

सगळ्यात आधी लांबूकडे गेलो. खाडीवरचा पट्टीवाला, अजून तेवढाच उंच, फक्त वाकलाय. यांना पाहून उठून उभा राहिला. हे दारातच म्हणाले, “लांबू, खाडी कोणी मोजली?” तो म्हणाला, “मी, साहेब. का, चुकली?” त्याला वाटलं इतक्या वर्षांनी चौकशी आली! मग हे म्हणाले, “तुझं नाव संगणकात घालायचंय. आहे ते चुकीचं आहे.” कोणाचं आहे ते मात्र सांगितलं नाही हं. लांबूने शेजारच्या तीन बिऱ्हाडांना बोलावून आणलं आणि यांना तेच वाक्य पुन्हा म्हणायला लावलं.

वरच्या धरणाकडे गेलो तर पट्टीवाला वारलेला. त्याची बायको म्हणाली, “ते दम्याने आजारी होते. पट्टी मीच वाचत होते, मुलं शाळेत जायला लागल्यापासून. सही त्यांची.” हे म्हणाले, “आमच्या पुतणीने असा तक्ता केलाय की त्यात दोघांची नावं बसतात.” बाई म्हणाली, “बसवा. पण माझं आधी.”

भिंगरी, ‘आमच्या पुतणीने’ असं म्हणाले. त्यानंतर प्रत्येक घरी म्हणाले. तुला सांगू नकोस म्हणून मला बजावलंय.

काकू

३० ऑक्टोबर

भिंगरे,

सोबत नावं आहेत, चौकीवार. काकूचं अक्षर आहे, म्हणजे वाचता येईल. जे हयात आहेत ते समितीपुढे यायला तयार आहेत. लांबू तर उद्याच निघत होता, त्याला धरून ठेवलंय. ज्यांचा ठावठिकाणा लागला नाही तेही लिहिलेत.

आता कामाचं. तू रिकाम्या घराला परवानगी दिलीस, हे मला अजूनही मान्य नाही. का, ते ऐक. घर कोरं दिसलं तर मी काय समजायचं? कोणालाच माहीत नाही? की या संचाला तो प्रश्नच लागू नाही? की तू आळस केलास आणि विचारलंच नाहीस? तीन वेगळ्या गोष्टी, आणि तुझ्या तक्त्यात तिन्ही सारख्याच दिसतात. हा कुठला शहाणपणा? तिन्हींना वेगळे शब्द दे. ‘माहीत नाही.’ ‘लागू नाही.’ ‘अजून विचारलं नाही.’ आणि कुलूप लाव, यांपैकी एक निवडल्याशिवाय ओळ पुढे जाता कामा नये. नियम बरोबरच होता. त्याला एक खिडकी हवी होती.

आणि प्रत्येक नावापुढे आणखी एक रकाना दे, ‘कशावरून’. नाव कोणीही लिहितं. कशावरून, ते लिहायला लागलं की हात थबकतो.

माझं नाव सगळीकडून काढ. सगळीकडून म्हणजे सगळीकडून. मी साहेब होतो, पट्टी वाचत नव्हतो.

दोरीची गाठ बरी वाटते.

काका

(रात्री झोपेत ‘जोडणारा तक्ता’ म्हणाले. — काकू)

२ डिसेंबर

काका, काकू,

बसा आधी. बसलात? सगळे संच जाणार! सगळे! एकही भंगारात नाही.

शनिवारी बैठकीत तुमची माणसं आली. लांबूकाका दारातून वाकून आत आले. धरणाच्या बाई पुढच्या खुर्चीवर बसल्या. प्राध्यापकांनी विचारलं, “इतकी वर्षं रोज वाचत होतात याला आधार काय?” बाई म्हणाल्या, “तुम्ही रोज दात घासता याला आधार काय?” संचालिकाबाईंनी तोंडाला रुमाल लावला. प्राध्यापक वाईट माणूस नाही हो. त्यांनी मग प्रत्येकाला विचारून ताडून पाहिलं. कुठल्या महिन्यात पट्टी वाहून गेली, कधी नवी रोवली, ते पट्टीवाले सांगत होते आणि आकड्यांत नेमकी तिथेच उडी दिसत होती. शेवटी म्हणाले, “मी घाईने बोललो. हे ज्यांनी उभं केलं त्या साहेबांना माझा नमस्कार कळवा.” म्हणून कळवतेय. मी तेव्हा उभी राहिले आणि सांगितलं, मी त्यांची पुतणी. माझा आवाज एवढा मोठा निघाला की शिपाईमामा दारातून डोकावले.

आणि तुमचं म्हणणं मी ऐकलं. तीन शब्द, कुलूप, ‘कशावरून’चा रकाना, सगळं घातलं. हा रकाना कोणाच्या डोक्यातून निघाला असं संचालिकाबाईंनी विचारलं. म्हटलं, दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीखाली बसणाऱ्या माणसाच्या. त्यांना वाटलं मीच. मग समजावून सांगितलं.

तुमचं नाव सगळीकडून काढलं. हजारो ओळींतून, सांगितल्याप्रमाणे. आता प्रत्येक ओळीत खरा माणूस आहे, नाहीतर ‘माहीत नाही’ आहे.

एकच ओळ लटकलीय. तुमच्या लग्नाच्या दिवसाची, मोठ्या पुलाखालची. तो संच जाईल, ही एक ओळ नसली तरी अडत नाही. पण त्या दिवशी पट्टी कोणी वाचली, हे एकाही पट्टीवाल्याला माहीत नाही. सगळे एकच सांगतात, “आम्ही तर साहेबांच्या लग्नात होतो.” म्हणून तिथे सध्या लिहून ठेवलंय, ‘अजून विचारलं नाही’. कोणाला विचारू ते कळेना.

भिंगरी

११ डिसेंबर

भिंगरी,

मला विचार. इतक्या वर्षांत मला कोणी विचारलंच नाही.

हे पत्र मी एकटीनेच लिहितेय. ते बाहेरच्या खोलीत लांबूशी फोनवर बोलतायत, तुझा प्राध्यापक किती वरमला हे त्याला चौथ्यांदा सांगतायत.

लग्नाच्या आठवड्यात नदी चढत होती. यांनी सगळ्या पट्टीवाल्यांना सहकुटुंब बोलावलं होतं, आणि ते सगळे आदल्या दिवशीच येऊन राहिले होते. लग्नाच्या दिवशी नवरदेवाचा पत्ता नाही. पाहुणे कुजबुजायला लागले. माझे वडील दारात फेऱ्या मारत होते. मी नटून थटून बसले होते आणि मनात म्हणत होते, येऊ दे एकदा, बघते. आले ते धापा टाकत. म्हणाले, गाडी बंद पडली. सगळ्यांना पटलं. मला पटलं नाही, कारण माझ्या शेजारी उभे राहिले तेव्हा विजारीचे पाय गुडघ्यापर्यंत ओले होते आणि बुटातून पाणी वाजत होतं. अशी कुठली गाडी बंद पडते?

मग माझा हात हातात घेतला. मी इतकी रागात होते की वर बघितलंच नाही. जेवणाआधी हात धुवायला गेले तर माझ्या तळव्यावर शाई. यांनी विसरू नये म्हणून आपल्या तळहातावर पट्टीवरचा आकडा लिहून आणला होता आणि घामाने तो माझ्या हातावर उमटला, उलटा. बेसिनवर आरसा होता, त्यात धरला तेव्हा सरळ दिसला. ६.४०. आत गाणी चालली होती आणि मी तिथे उभी राहून हसत होते. लग्नाच्या दिवशीही ज्याला नदी एकटी सोडवली नाही, तो मला काय सोडणार, असं वाटलं. राग तिथेच धुऊन टाकला. आकडा मात्र लगेच धुतला नाही.

मी त्यांना कधी बोलले नाही. त्यांना अजून वाटतं गाडीचं मला पटलंय. आणि तो मेला हट्टी माणूस, सगळ्या ओळी सोडताना हीही सोडून मोकळा झाला. ती एक त्यांची होती, भिंगरी. खरीखुरी.

६.४०, मोठ्या पुलाखाली. संचात काय लिहिलंय ते बघ. जुळलं तर त्यांचं नाव परत घाल. नाही जुळलं तर मी म्हातारी झाले असं समज.

काकू

१६ डिसेंबर

काका,

हे पत्र काकूकडून वाचून घ्या, आणि ती वाचत असताना तिच्याकडे बघा.

मोठ्या पुलाखालचा संच उघडला. त्या तारखेला ६.४० आहे.

ओळ पूर्ण केली. डॉक्टरांनी स्क्रीन बंद केली असली तरी तुम्हाला दिसावी म्हणून मोठ्या कागदावर छापून पाठवतेय. भिंतीवर लावा, त्या मागे पडणाऱ्या घड्याळाच्या जागी.

कोणी मोजलं: काका.
कशावरून: नवरीच्या तळहातावरून.

तुमची,
भिंगरी